रील तीन दिवस, हिशोब तेरा महिने

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या ट्रस्टची खोली आहे. दोन गोदरेजची कपाटं, एक लोखंडी टेबल, भिंतीवर सयाजीरावांचा फोटो, आणि खिडकीखाली चहाची टपरी. ट्रस्ट छोटा आहे. वस्त्यांमधल्या मुलांसाठी संध्याकाळचे तीन वर्ग, वह्या-पुस्तकं, शाळा सुटलेल्यांना परत शाळेत घालणं, एवढंच काम. मी दिवसा एका कंपनीत मार्केटिंग करते आणि संध्याकाळी ट्रस्टचं ‘डिजिटल’ बघते. म्हणजे इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, देणगीची लिंक, आभाराचे मेसेज, आणि सगळ्यात जास्त वेळ ‘ताई, पावती आली नाही’ या फोनांना उत्तरं.

हे प्रकरण लिहून काढायला बाईंनी सांगितलं. बाई म्हणजे आमच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. वर्षभरात तीन वेगवेगळ्या छोट्या संस्थांनी आम्हाला ‘तुमची ती रील एवढी कशी चालली’ असं विचारलं, आणि तिघांनाही मला तोंडी सगळं सांगावं लागलं. चौथ्याला ही लिंक पाठवीन.

ज्या लेकरावरून हे सगळं झालं त्याचं नाव, वय, शाळा, वस्ती इथे नाही. मुलगा की मुलगी तेही लिहीत नाही. मराठीत नपुंसकलिंगाची सोय आहे, ती वापरते.

रविवार ते बुधवार

लेकरू हायवेवरच्या एका खाणावळीत भांडी घासायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. घरच्यांना शाळा सांभाळून हातभार आणि बालकलाकाराचं काम, एवढ्या सवलती सोडल्या तर. त्याला तिथून सोडवलं गेलं, बाल कल्याण समितीसमोर उभं केलं गेलं, समितीने मावशीच्या ताब्यात दिलं. ते रोज वर्गाला येतं का, शाळेत टिकतं का, हे बघायचं काम आमच्याकडे आलं. ते आलं, टिकलं, आणि तीन महिन्यांत गुजराती वाचायला लागलं. भारी हुशार लेकरू आहे.

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका शुक्रवारी युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या आमच्या एका स्वयंसेवकाने वर्गात त्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. लेकरू शाळेच्या गणवेशातच आलं होतं. ते फळ्यावरचं वाचतं, मध्येच अडतं, हसतं, आणि आपण आधी कुठे काम करत होतो ते सांगतं. व्हिडिओ खरोखर सुंदर होता. मी तो कापला, गाणं लावलं आणि कॅप्शन लिहिली: ‘भांडी घासणारे हे हात आता पेन धरतात. याच्या शिक्षणासाठी मदत करा.’ खाली ट्रस्टच्या खात्याचा क्यूआर. असल्या वाक्यावर माणसाचा अंगठा थांबतो हे मला नोकरीने शिकवलंय. कॅप्शन माझी होती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बैठकीत सगळे त्या स्वयंसेवक पोराकडेच बघत होते.

रविवारी रात्री साडेनऊला रील टाकली. सोमवारी दुपारी मीटिंगमध्ये असताना कोषाध्यक्ष काकांचा फोन आला. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मोबाइलवर ट्रस्टच्या खात्याचे एसएमएस येतात. ‘अगं, हा फोन थांबतच नाहीये. काही फ्रॉड झाला का?’ एरवी आमच्या खात्यात आठवड्याला पाच-सहा देणग्या येतात. बुधवार दुपारपर्यंत ३१२ व्यवहार झाले होते, मिळून पावणेतीन लाखांच्या वर. सर्वात लहान ११ रुपये, सर्वात मोठा २५ हजार.

मंगळवारी संध्याकाळी मी इतकी खूष होते की खाली जाऊन सगळ्यांना चहा सांगितला.

बुधवारी सकाळी मावशी वर्गावर आल्या. काल रात्री वस्तीत कोणी अनोळखी माणूस येऊन लेकराची चौकशी करून गेला होता. शेजारच्या पोराने त्याला सरळ खोली दाखवली, कारण त्याला वाटलं हा ‘व्हिडिओवाल्या संस्थेचा’ माणूस. तो कोणाचा होता ते आजपर्यंत कळलेलं नाही. खाणावळीच्या मालकाचा असेल, नसेलही. मावशींनी मात्र लेकराला दोन दिवस घराबाहेर सोडलं नाही.

मी रील पुन्हा उघडली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे लेकराला शोधत आलेल्या माणसाच्या नजरेने बघितलं. सदऱ्यावर शाळेचा बिल्ला. तेराव्या सेकंदाला दारातून दिसणारी पिठाच्या गिरणीची पाटी, तिच्यावर विभागाचं नाव. आणि लेकराने स्वतःच्या तोंडाने घेतलेलं गावाचं नाव, जे मी ‘गोड वाटतं’ म्हणून ठेवलं होतं. पत्ताच छापला होता मी.

दीड वाजता रील काढून टाकली.

संमतीपत्र होतं

पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच: आपल्याकडे मावशींची सही आहे. होतीच. दर वर्षी प्रवेशाच्या वेळी आम्ही एक छापील कागद भरून घेतो, त्यात ‘संस्थेच्या प्रचारासाठी छायाचित्र वापरण्यास हरकत नाही’ ही ओळ असते. कुठल्या फोटोला, कुठे, किती दिवस, यातलं काही त्यात नाही. मावशींनी सही केली तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर वर्गाच्या भिंतीवरचा ग्रुप फोटो होता. मोबाइल चालवणाऱ्या हजारो लोकांची कल्पना त्यांना आम्ही दिलीच नव्हती.

पण इथे प्रश्न त्याच्याही पुढचा होता. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, कायद्याशी संघर्षात आलेलं मूल, गुन्ह्यातलं पीडित किंवा साक्षीदार मूल, यांचं नाव, पत्ता, शाळा, किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील कुठल्याही माध्यमात देता येत नाही. फोटोसुद्धा नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समितीसमोरच्या मुलाच्या बाबतीत सूट द्यायची तर ती समितीच देऊ शकते, तेही मुलाच्या हिताचं असेल तरच, कारणं लेखी नोंदवून. मावशींची सही, आईची सही, आमच्या बाईंची सही, यातली एकही चालत नाही.

वर्गात पस्तीस मुलं. त्यातली समितीकडून आलेली त्या वेळी चार. ही चार कोणती, हे बाईंना आणि वर्गाच्या शिक्षिकेला माहीत होतं. मला नव्हतं, व्हिडिओ काढणाऱ्या पोराला नव्हतं. माहीत नसणं बरोबरच होतं म्हणा. मुलाचा पूर्वेतिहास सगळ्या स्वयंसेवकांना सांगत सुटणं हेही चूकच. पण मग ‘या मुलांकडे कॅमेरा वळवायचा नाही’ हे तरी कोणीतरी सांगायला हवं होतं. गोपनीयता पाळताना आम्ही नियमही गोपनीय ठेवला.

बाईंनी त्याच संध्याकाळी समितीला देण्याचं पत्र हाताने लिहिलं. एक विश्वस्त म्हणाले, ‘रील काढली ना, आता कशाला स्वतःहून जायचं?’ बाईंनी पेनाचं टोपणही लावलं नाही. काय टाकलं, किती वेळ राहिलं, किती जणांनी बघितलं, काय दिसत होतं, कधी काढून टाकलं, सगळं क्रमाने. समितीने खुलासा नोंदवून घेतला आणि लेकराच्या राहण्याच्या जागेचा नव्याने आढावा घेतला. ते मावशींकडेच राहिलं. शाळेत येता-जाता काही दिवस आमच्या शिक्षिका सोबत.

रील काढल्याने रील जात नाही, हा धडा दोन दिवसांनी. लोकांनी ती उतरवून घेतली होती, स्टेटसला लावली होती, ग्रुपांवर ढकलली होती. ज्यांनी आमचा उल्लेख करून टाकली त्यांना मी एकेकाला मेसेज केला: ‘मुलाच्या सुरक्षिततेसाठी कृपया काढा.’ बहुतेकांनी लगेच काढली. जे ऐकत नव्हते त्यांच्यासाठी रिपोर्ट, आणि मग त्या त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे त्याला तेव्हा, २०२४ मध्ये, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल द्यावा लागायचा. तक्रारीत कलम ७४ लिहिलं की काम लवकर होतं, हा माझा अनुभव.

एक नमुना मात्र निराळाच निघाला. आमचाच व्हिडिओ, कॅप्शन बदललेली, आणि खालचा क्यूआर भलत्याच माणसाचा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली. सोबत लिंक, स्क्रीनशॉट, क्यूआरमधला यूपीआय आयडी. ते पान आठवड्याने गायब झालं. तोवर त्या क्यूआरवर किती लोकांनी आमच्या लेकरासाठी पैसे घातले असतील, देव जाणे.

पैसे आले, पण कोणाचे?

लोकांना वाटतं की देणगी आली म्हणजे काम झालं. काकांचं काम तेव्हा सुरू झालं.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये यूपीआयची ओळ कशी येते बघा. ‘यूपीआय’, मग बारा आकडी क्रमांक, मग नावाची जेमतेम आठ-दहा अक्षरं, ती पण मध्येच तुटलेली, मग आयडीचा तुकडा. पत्ता नाही, मोबाइल नाही, पॅन नाही. काकांनी स्टेटमेंटचे प्रिंट काढले आणि टेबलावर पसरले. हिरवा हायलायटर म्हणजे नाव-पत्ता मिळाला, पावती गेली. पिवळा म्हणजे माणूस सापडला नाही. पहिल्या दिवशी टेबल शेताएवढं पिवळं होतं.

हे काही काकांचं खूळ नव्हतं. देणाऱ्याचं नाव आणि पत्ता संस्थेकडे नसेल तर तेव्हाच्या (१९६१ च्या) आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीसीप्रमाणे ती निनावी देणगी. वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी रक्कम मोठी, तिच्या वरच्या निनावी पैशावर सरळ ३० टक्के कर. आमच्यासाठी ती मर्यादा १ लाख. पहिल्या मोजणीत पिवळे होते १ लाख ४१ हजार.

दुसरीकडे पावतीवाले. ८०जी ची वजावट, म्हणजे देणगीवरची करसवलत, देणाऱ्याला मिळायची तर त्याचं नाव, पत्ता आणि पॅन किंवा तसाच एखादा ओळख क्रमांक आम्हाला तेव्हा फॉर्म १०बीडी मध्ये भरावा लागायचा, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत. तो भरला की पोर्टलवरून १०बीई प्रमाणपत्र निघायचं, तेच खरं चालायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. आमची जुनी हाती लिहिलेली पावती लोकांना आवडते, पण आयकराच्या दृष्टीने ती नुसतं आभारपत्र. त्यात नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट नाहीच. हे सांगितलं की काही जण फोनवरच गप्प होतात. एकाने तर विचारलं, ‘मग परत देता का?’

पावतीवरून एक आठवतं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरांत वर्गणीची सवय पिढ्यान् पिढ्यांची. गणपतीची पोरं पावती पुस्तक घेऊन दारात येतात, कार्बन घालून लिहितात, फाडून हातात देतात. माणूस ती पावती टेलिफोनच्या टेबलावर ठेवतो, आणि पुढच्या वर्षी ‘गेल्या वर्षी १०१ दिले होते’ असं स्वतःच सांगतो. क्यूआरने ही सगळी देवघेव काढून घेतली. पैसे सुर्रकन गेले, टिक्‌ असा आवाज आला, संपलं. कोणी दिलं हे आम्हाला कळलं नाही, आणि आपण कोणाला दिलं हे देणाराही आठवड्याने विसरला.

माणसं शोधायला आम्ही काय काय केलं ते थोडक्यात. रीलच्या जागी एक साधी पोस्ट टाकली, चित्राशिवाय: या तारखांना पैसे पाठवले असतील तर बारा आकडी क्रमांक आणि पत्ता पाठवा, पावती देतो. इनबॉक्समधले स्क्रीनशॉट तारीख-वेळेने स्टेटमेंटशी जुळवले. ओळखीच्या ग्रुपांवर विचारलं. स्वयंसेवक पोराची सूचना होती की प्रत्येक अनोळखी आयडीवर एक रुपया पाठवून शेऱ्यात ‘फोन करा’ लिहू. काकांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. ‘हे लेखापरीक्षणात कुठल्या खर्चात दाखवू, बेटा?’ मार्चअखेर पिवळे ८८ हजारांवर आले. मर्यादेच्या आत.

आता दुसरा गुंता. कॅप्शनमध्ये मी लिहिलं होतं ‘याच्या शिक्षणासाठी’. एकाच्या. म्हणजे हे पैसे त्या एका लेकरासाठी बांधलेले. आणि ते जातं सरकारी शाळेत, जिथे फी नाही. ज्या बडोदा संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं त्या गावात आम्ही शिक्षणासाठी पावणेतीन लाख गोळा करून बसलो. दफ्तर, बूट, वह्या, चष्मा आणि वर्षाची सहल धरूनही १२ हजारांच्या वर खर्च जाईना. शेजारच्या बाकावरचं पोर फाटक्या चपलेने येत होतं आणि त्याच्यासाठी आमच्याकडे पैसे नव्हते. पैसे होते, पण त्याच्यासाठी नव्हते, असं म्हणते.

ज्यांचे पत्ते मिळाले त्या प्रत्येकाला बाईंच्या सहीने पत्र गेलं: लेकराच्या नावे दहावीपर्यंत पुरेल इतकी रक्कम बाजूला ठेवतो, उरलेली सगळ्या वर्गांसाठी वापरू का? नको असेल तर परत पाठवतो. ‘हो’ म्हणणारेच जास्त होते. नऊ जणांनी परत मागितले, ते दिले. एका गृहस्थांनी पानभर पत्र लिहून झापलं की तुम्ही भावनेला हात घालून पैसे काढलेत. ते पत्र मी जपून ठेवलंय. त्यांचे पाच हजार मात्र त्यांनी परत घेतले नाहीत. पिवळ्या ओळींच्या पैशाला विचारायचं कोणाला? तो मुदत ठेवीत पडून आहे.

‘मी तर बडोद्याचाच’

रील परदेशातही पोचली. न्यू जर्सीहून एका काकांचा फोन. प्रतापगंजात वाढलेले, तिकडे तीस वर्षं. दोन हजार डॉलर द्यायचे होते. आमच्याकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परकीय देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नाही, म्हणून मी पासपोर्ट कुठला ते विचारलं. ते दुखावले. ‘मी तर बडोद्याचाच!’

गोष्ट अशी की भारतीय पासपोर्ट असलेला परदेशस्थ माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परकीय नाही. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असो नसो, तो परकीय स्रोत. अकरा रुपयेही चालत नाहीत. नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षं जुनी, त्या तीन वर्षांत निदान १५ लाख मुख्य कामावर खर्च झालेले, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून पैसे यायचे ते स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. त्यांनी मग तोडगा सुचवला की भावाच्या खात्यातून देतो. पैसा त्यांचाच, वाट फक्त वाकडी. कायदा तेही परकीयच धरतो. मला दोन हजार डॉलरना नाही म्हणावं लागलं. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून आमच्या देणगीच्या पानावर पहिलीच चौकट आहे: ‘मी भारतीय नागरिक आहे.’ तिच्यावर टिक केल्याशिवाय पुढचं उघडत नाही.

पानाचं बाकीचं रूपही तेव्हाच बदललं. नाव, मोबाइल, पत्ता आवश्यक. पॅन ऐच्छिक, शेजारी एक ओळ: ‘८०जी प्रमाणपत्र हवं असल्यास.’ पॅन सक्तीचा करून बघितला होता, लोक अर्ध्यातून निघून जातात. नुसता क्यूआर आता आम्ही कुठल्याच पोस्टवर छापत नाही. क्यूआर येतो तो पत्ता भरल्यावर. यामुळे किती जण गळतात ते मला आकड्यात दिसतं, आणि मी ते बाईंना दाखवणं सोडून दिलंय.

ऑगस्टातल्या वह्या

२०२४ च्या जन्माष्टमीला पाऊस कोसळला आणि विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून गावात शिरली. बडोदेकरांना ते दिवस सांगायला नकोत. आमचा एक वर्ग नदीच्या बाजूला आहे. पाणी ओसरल्यावर शिक्षिका आत गेल्या तर कपाटातल्या खालच्या दोन फळ्या म्हणजे नुसता लगदा. वरच्या फळीवरच्या वह्या ओल्या, पण शाबूत. त्यांनी मुलांच्या मदतीने त्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. कपड्यांसारख्या. शाई ओघळून निळी झालेली, पण ‘क, ख, ग’ वाचता येत होतं.

त्यांनी मला फोटो पाठवला, नव्या नियमाप्रमाणे. चेहरा नाही, बिल्ला नाही, पाटी नाही, वहीवरचं नाव चिमट्याखाली. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणूनच, डॉक्युमेंट म्हणून नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फोटो कुठे काढला ती जागासुद्धा फाइलबरोबर जाते. मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसले. एकही मूल नव्हतं त्यात, आणि सगळीच होती.

आवाहन लिहायला मला तीन दिवस लागले. मराठी, गुजराती आणि इंग्रजी. आधी गुजरातीत लिहून मराठी करून घेतलं तर ते महापालिकेच्या नोटिशीसारखं झालं. मग बाईंनीच मराठीत लिहिलं, अगदी घरच्यासारखं: ‘आपल्या वर्गात पाणी शिरलं. मुलं सुखरूप आहेत. १४० वह्या गेल्या, बाकी वाळत घातल्यात. एका मुलाचा नवा संच, दफ्तर, सहा वह्या आणि कंपास, ६५० रुपयांना पडतो. जमेल तसं द्या.’ गुजराती मजकूर आमच्या शिक्षिकेने स्वतंत्र लिहिला. ‘मुलं सुखरूप आहेत’ हे वाक्य काढा, सहानुभूती कमी होते, असं मला धंद्याच्या डोक्याने वाटलं होतं. ते राहिलं.

वेळ वाईट होती. ७ सप्टेंबरला गणपती, वर्गणी देऊन झालेल्या, प्रत्येकाचं स्वतःचंही काही ना काही भिजलेलं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टची खोच: एका लिस्टीत २५६ नंबर, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. रीलवाल्या दात्यांपैकी आमचा नंबर सेव्ह होता किती जणांकडे? ज्यांना पावतीसाठी फोन केले होते, त्यांच्याकडे! पिवळ्याचा हिरवा करायला केलेल्या दोनशे फोनांची ही कमाई, जिची त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती.

दोन आठवड्यांत ९२ हजार आले. ११८ देणारे, नाव-पत्त्याशिवाय तिघेच. रीलच्या तिसऱ्या हिश्शाइतके पैसे. पण काकांनी या वेळी स्टेटमेंट टेबलावर पसरलंच नाही. मोबाइलवर बघितलं, मान हलवली, चहा प्यायले.

त्या ११८ पैकी २६ जणांनी महिन्याला ३०० रुपयांचं यूपीआय ऑटोपे लावलं. इथे एक बारकी गोष्ट सांगण्यासारखी आहे. पैसे कापायच्या २४ तास आधी देणाऱ्याला सूचना जावी लागते: उद्या ३०० रुपये कापले जातील. ही सूचना कोरडी असते, विजेच्या बिलासारखी, आणि ती वाचूनच माणूस मँडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, रद्द करतो. म्हणून आम्ही तिच्या एक दिवस आधी आपलं एक वाक्य पाठवतो. ‘या महिन्यात गिरणीजवळच्या वर्गाला पंखा लागला.’ ‘दोन मुलं गावी गेली होती, एक परत आलं.’ आभार नाही, आवाहन नाही. दुसरं वाक्य गेलं तेव्हा एका आजींचा फोन आला: ‘आणि दुसरं कुठे गेलं?’ ते डिसेंबरात परत आलं, आजींना कळवलं. मार्च २०२५ मध्ये २६ पैकी १९ मँडेट चालू होते. सात का गेले ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

लेकराचं सांगायचं राहिलं. रील काढल्यावर महिन्याभराने त्याने मला वर्गाबाहेर गाठलं. ‘ताई, माझा व्हिडिओ का पुसला? सगळे म्हणत होते मी छान वाचलं.’ त्याला ती रील आवडली होती. वस्तीतल्या पोरांना दाखवायची होती. कलम ७४ मी त्याला कसं सांगणार? मी म्हटलं, मला पत्त्याची भीती वाटली. त्याने थोडा विचार केला आणि म्हणालं, ‘मग तोंड ठेवा, पत्ता पुसा.’ मी अजून त्याला धड उत्तर दिलेलं नाही. तो व्हिडिओ बाईंच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर आहे. अठरा वर्षांचं झाल्यावर त्याचा त्याला द्यायचा असं ठरलंय.

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सीएंकडे कागद द्यायच्या आधी काका पुन्हा पिवळ्या ओळी घेऊन बसले होते. त्यातल्या चार ओळी एकाच माणसाच्या, रविवार रात्र ते बुधवार, रोज ५१ रुपये, नावाची पहिली नऊ अक्षरं तेवढी दिसणारी. वर्षभर ही नऊ अक्षरं आम्हाला पाठ होती. काकांनी खाली हाक मारून चार चहा सांगितले, आणि पैसे द्यायला मला पाठवलं. मी टपरीवरचा क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर चहावाल्या भाईंचं पूर्ण नाव आलं.

मी वर बघितलं. नऊ अक्षरं मोजली, पुन्हा मोजली.

‘भाई, तुम्ही गेल्या फेब्रुवारीत आम्हाला पैसे दिले होते?’

‘हां, ते व्हिडिओचे. मग तुम्ही काढूनच टाकला.’

‘वर चला, पत्ता लिहून द्या, पावती करायची आहे.’

ते गाळणी आपटत म्हणाले, ‘पत्ता? तुमच्याच बिल्डिंगीच्या खाली. पावती राहू दे, ताई, कालच्या सहा चहांचे पण राहिलेत.’